सुवर्णदुर्ग पडला, मग त्याचं आज काय? – मोडी कागद वाचणाऱ्या बाईचं उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की तुमचं गाव हर्णैजवळ, नोकरी ठाण्याला, मुलगी आठवीत. मे महिन्यात गावी गेलात तेव्हा किनाऱ्यावर उभं राहून तिला सुवर्णदुर्ग दाखवलात, १७५५ ची लढाई सांगायला घेतलीत आणि ती मध्येच म्हणाली, "बाबा, मग त्याचं आज काय?" तुम्हाला उत्तर सुचलं नाही. आणि वर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज येतंय की हेलियम विजयदुर्गावर सापडला, आपले पूर्वज आंग्र्यांच्या आरमारात सरदार होते, वगैरे, तर त्यातलं खरं किती.

मी प्राध्यापक नाही हे आधीच सांगते. रत्नागिरीत राहते आणि गेली चोवीस वर्षं लोकांचे मोडी कागद वाचून देते. बहुतेक वेळा जमिनीच्या भानगडी असतात, भाऊबंदकी, हद्द, कुळ, देवस्थानची जमीन. माळ्यावरचा रुमाल (म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा) घेऊन लोक येतात तेव्हा डोळ्यांत अशी चमक असते की आता खजिना निघणार, आणि निघतं काय तर नारळाची अमुक झाडं गहाण ठेवली, भात अमुक मण उसनं घेतलं, वहाळाच्या पलीकडचा तुकडा धाकट्याला दिला. पण याच कागदांनी मला तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर शिकवलंय असं म्हणायला हरकत नाही.

तिचा प्रश्न "इतिहास कशाला शिकायचा" हा नाहीच आहे, तो कंटाळलेल्या पोरांचा प्रश्न. ती विचारतेय की या दगडांपासून माझ्यापर्यंत धागा येतो तो कुठून. आणि तुम्ही अडकलात कारण तुम्ही तिला लढाई सांगत होतात. लढाईत धागा सापडत नाही हो. तोफा वाजल्या, माणसं मेली, निशाण बदललं, संपलं. धागा असतो लढाईनंतर जो तह होतो त्यात. जमीन कुणाला मिळाली, वसुली कुणाकडे गेली, नोकरी कुणाची गेली आणि कुणाला लागली, हे बघायचं. हे एवढं विचारायला लागलात की जुनी लढाई एकदम आपल्या अंगणात येते.

तुमच्याच हर्णैचं घ्या. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून जहाजं घेऊन आला आणि दोन-तीन दिवसांत सुवर्णदुर्ग पडला. आता शाळेत जे सांगत नाहीत किंवा घाईत उरकतात ते असं की हा किल्ला त्याने मराठ्यांकडून एकट्याने जिंकला नाही, किल्ला होता आरमाराचे प्रमुख तुळाजी आंग्र्यांचा आणि इंग्रजांच्या बाजूने उभे होते खुद्द नानासाहेब पेशवे, कारण तुळाजी त्यांना जुमानत नव्हते. पुढच्या फेब्रुवारीत, म्हणजे १७५६ ला, अ‍ॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह (हो तोच, पुढच्या वर्षी प्लासीवाला) विजयदुर्गावर आले, आंग्र्यांचं आरमार तिथे बंदरातच जळालं आणि तुळाजी उरलेलं आयुष्य कैदेत राहिले. चूक कुणाची यावर आमच्याकडे अजून गजाली रंगतात, हाणामारीपर्यंत जातात, मी त्यात पडत नाही. मला तुळाजींबद्दल वाईट वाटतं एवढंच.

तर तह काय झाला? सुवर्णदुर्ग पेशव्यांना मिळाला. विजयदुर्ग इंग्रज सोडत नव्हते, शेवटी ऑक्टोबर १७५६ मध्ये त्यांनी तो दिला आणि बदल्यात बाणकोट आणि भोवतालची काही गावं घेतली. बाणकोटच्या किल्ल्याला त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. नकाशा काढा आणि बाणकोट बघा, सावित्री नदीच्या तोंडावर, मंडणगड तालुक्यात. दिसायला क्षुल्लक अदलाबदल, पण कोकणच्या किनाऱ्यावर ईस्ट इंडिया कंपनीला अशी पाय रोवायला जागा मिळाली, आणि कंपनीला माणसं लागायची. मुंबईच्या पलटणींत कोकणातली माणसं भरती होत गेली, मराठे होते आणि महारही मोठ्या संख्येने होते. १८१८ ला पेशवाई संपल्यावर दापोलीला इंग्रजांचा कॅम्प बसला, म्हणून आमच्याकडची म्हातारी माणसं अजून "कॅम्प दापोली" म्हणतात. कॅम्प आला तशी तिथे पेन्शनर शिपायांची वस्ती झाली.

आता इथे जरा थांबा, कारण मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या माणसाला गावात पाणवठ्यावर जायला बंदी, त्याला पलटणीत पगार मिळाला, पुढे पेन्शन मिळाली आणि शिपायांच्या मुलांसाठी शाळा होत्या तिथे अक्षरओळख झाली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीत राहिले आणि १८८८ मध्ये त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. पुढे १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची भरतीच बंद केली तेव्हा त्याविरुद्ध विनंतीपत्र लिहिण्यातही तेच पुढे होते. सुभेदार रामजी सकपाळ सैन्याच्या शाळेत शिकवायचे, निवृत्तीनंतर तेही काही काळ दापोलीला होते. त्यांचं मूळ गाव आंबडवे, तेही मंडणगड तालुक्यातच. त्यांचा मुलगा म्हणजे बाबासाहेब. आणि २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं ते महाडला, त्याच सावित्रीच्या काठावर, जिच्या तोंडाशी बाणकोट आहे.

घाईने निष्कर्ष काढू नका हं. सुवर्णदुर्ग पडला म्हणून महाडचा सत्याग्रह झाला असं मी म्हणत नाहीये, असं म्हणणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. मध्ये पावणेदोनशे वर्षं आहेत, हजार माणसांची हिंमत आहे, १९२३ चा बोले ठराव (सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा असा मुंबई कायदेमंडळातला) आहे, आणि बाबासाहेब आहेत. पण पगार-पेन्शन-शाळा हा जो रस्ता तयार झाला त्यात त्या तहातल्या अदलाबदलीचाही वाटा होता हे खरं. आणि हेही खरं की ज्यांनी तो तह केला त्यांच्या डोक्यात यातलं काहीएक नव्हतं. तुमच्या मुलीला हे सांगा, किल्ल्याची उंची आणि तोफांची संख्या नंतर.

अजून एक गंमत सांगते. त्या जेम्सच्या विधवेने नवऱ्याच्या आठवणीसाठी १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर एक तिकोनी मनोरा बांधला, त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. म्हणजे सुवर्णदुर्गच, इंग्रजी जिभेने वाकवलेला. तो मनोरा अजून उभा आहे. पोरीला फोनवर फोटो काढून दाखवा, तिला हे लढाईपेक्षा जास्त आवडेल.

बरं, हे सगळं गावागावावर अवलंबून आहे हे मान्य करायला हवं. तुमचं हर्णै म्हणून मी आंग्रे आणि इंग्रज सांगितले. मुरुडचा माणूस विचारता तर सिद्दी सांगितले असते, कारण जंजिरा संस्थान १९४८ ला विलीन होईपर्यंत चालू होतं. श्रीवर्धन सिद्दीच्या मुलखात, आणि तिथले बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीशी बिनसल्यावर घाटावर गेले म्हणून पुण्याला पेशवाई झाली. वेंगुर्ल्या-मालवणकडचे सारस्वत विचारते झाले तर सांगितलं असतं की तुमचं कुलदैवत फोंड्याला का, तर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टी-तिसवाडीकडची देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा भक्तांनी रात्री मूर्ती उचलून पलीकडे नेल्या, मंगेशी कुठ्ठाळीहून १५६० ला हलली. दरवर्षी कुलदैवताला जाणारी गाडी जी वाट धरते ती वाट एका छळाने आखून दिलेली आहे, आणि गाडीत बसलेल्यांना ते माहीतही नसतं.

आणि घराघरावर पण अवलंबून आहे. खोताच्या (म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या) घरातल्या कागदात आदिलशाहीपासूनचं दिसतं, कुळाच्या घरात कागदच नसतो, तिथे गोष्ट तोंडी असते आणि खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, त्याआधी अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं जमिनी पडीक ठेवून संप केला होता. खलाशाच्या घरात काहीच नसतं. ज्याच्याकडे कागद आहे त्याचाच इतिहास मोठा दिसतो, हा माझ्या धंद्यातला दोष आहे, तो लक्षात ठेवून माझं पण ऐका.

लढाई नेहमीच सगळं ठरवते असंही नाही, याचं उदाहरण तुमच्यापासून तासाभरावर आहे. मार्च १५०८ मध्ये चौलला झालेल्या आरमारी लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा मारला गेला, त्याचा सूड म्हणून बापाने त्याच वर्षी डिसेंबरात दाभोळ जाळलं, बायापोरं कापली. फार भयानक. आता लोक सहज म्हणतात की तेव्हाच दाभोळ संपलं. नाही संपलं. आदिलशाहीचं मोठं बंदर म्हणून ते पुढे शंभर-दीडशे वर्षं चाललं, तिथली देखणी अंडा मशीद सतराव्या शतकाच्या मध्यातली आहे, मेलेल्या बंदरात कुणी अशी मशीद बांधत नाही. जाळलेली गावं पुन्हा उभी राहतात. व्यापाराची वाट दुसरीकडे वळली की मात्र ती हळूहळू रिकामी होतात, आणि त्याची तारीख कुणी लिहून ठेवत नाही.

उलट काही लढाया अशा की आपल्यातलं कुणी लढलंही नाही आणि परिणाम आपल्या दारात. रत्नागिरीचा थिबा पॅलेस घ्या, १८८५ ला ब्रह्मदेशात युद्ध झालं, निमित्त सागवानाच्या व्यापाराचं, आणि राजा थिबा आमच्याकडे नजरकैदेत आला तो १९१६ ला मरेपर्यंत इथेच. त्याच्या आधी बहादूरशहा जफरला दिल्लीहून रंगूनला पाठवलं होतं, म्हणजे राजांचीही अदलाबदल. पण त्याहून मोठं उदाहरण अमेरिकेचं. १८६१ ते ६५ तिथे यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर. युद्ध संपल्याबरोबर १८६५ ला बाजार कोसळला, भलेभले बुडाले. पण त्या तेजीने मुंबई मोठी झाली ती झालीच, आणि पुढच्या दशकांत गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा कामाला माणसं कुठून आली? रत्नागिरी जिल्ह्यातून, बोटीने. चाकरमानी हा शब्द, मनीऑर्डरवर चालणारं गाव, गणपतीला भरून येणाऱ्या एसट्या, परळ-लालबागचे गावकी मंडळांचे गाळे, हे सगळं त्यातून आलं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या पण वाट राहिली. तुम्ही ठाण्याला का आहात याचं उत्तर सुवर्णदुर्गापेक्षा मिसिसिपीच्या काठावर जास्त आहे असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल, पण बघा विचार करून.

संस्कृतीचं काय, असं तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय. ते तर तोंडात असतं. हर्णै बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो ना, त्या एका वाक्यात बघा, मासळी आपली, बंदर फारसी, लिलाव पोर्तुगीज. लिलावात बोली लावणारा खलाशांना पगार देतो, खलाशी अरबी आणि पगार परत पोर्तुगीज. बटाटा, पाव, काजू, अननस, चावी, घमेलं, तुरुंग, सगळे त्याच गलबतांतून आलेले. हापूस हे नाव अफोन्सोचं, आणि झाडाला आपण म्हणतो कलम, तो शब्द अरबी. आंबा मूळचा इथलाच, पण कलम बांधण्याची रीत गोव्याच्या पोर्तुगीजांनी रुळवली असं मानतात. आमच्या शेजारचे बागायतदार पोर्तुगीजांना शिव्या घालतात आणि हापूसला देव मानतात, मला त्यात काही विसंगती वाटत नाही, माणूस असाच असतो. कोर्लईला गेलात तर किल्ल्याखालच्या गावात अजून पोर्तुगीज मिसळलेली एक बोली बोलतात, चौल-कोर्लई १७४० ला मराठ्यांकडे आलं तरी ती राहिली. सत्ता गेली, आणि भाषा मात्र गावातल्या माणसांच्या तोंडी राहिली, काय म्हणावं.

कागदांतलं माझं आवडतं सांगते. पेशवाईतल्या मोडी पत्रावर साल कसं लिहितात माहितीय? "सन सीत खमसैन मया व अलफ." हे अरबी आकडे, सहा, पन्नास, शंभर आणि हजार, मिळून ११५६. हा सुहूर सन. त्यात ५९९-६०० मिळवले की इसवी सन, म्हणजे १७५५-५६, नेमकं विजयदुर्ग पडला ते वर्ष. आणि हे साल सुरू कधी होतं, तर मृग लागला की! आकडे अरबी, अक्षर मोडी, आणि वर्षाची सुरुवात आपल्या पेरणीला. पेशव्यांच्या कचेरीतल्या ब्राह्मण कारकुनाला हे परकं वाटत नव्हतं, त्याच्यासाठी तो नुसता हिशोब होता. तुमचा सातबारा उघडा, जिल्हा, तालुका, मौजे, वारस, कब्जा, इनाम, सगळं तिथूनच चालत आलंय. सुरुवातीला मी एकदा "सीत"ला "सबा" वाचलं, एका वर्षाने चुकले आणि एका घराची वाटणी आजोबा मेल्यानंतरची ठरवून बसले, दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागावी लागली. तेव्हापासून साल तीनदा वाचते.

आता व्हॉट्सअ‍ॅप. हेलियमचं असं आहे की १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं आणि त्याचा पट्टा विजयदुर्गावरून गेला हे खरं. पण हेलियमशी ज्याचं नाव जोडतात तो जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ तेव्हा गुंटूरला होता, आणि ज्या इंग्रज लॉकियरने विजयदुर्गाच्या दगडी कट्ट्यावर उभं राहून हेलियम शोधला असं सांगतात तो भारतात नव्हता, त्याने सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा ऑक्टोबरात इंग्लंडातून, ग्रहण नसताना बघितली. मला हे सांगताना विजयदुर्गच्या लोकांचा राग ओढवून घ्यावा लागतो, पण किल्ल्याला हेलियमची गरजच नाहीये हो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा मराठा किल्ले आले त्यात विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी आणि तुमचा सुवर्णदुर्ग स्वतःच्या बळावर आहेत.

"आपले पूर्वज आरमारात सरदार होते" याचं मी कागद बघितल्याशिवाय काही म्हणणार नाही. माझा अनुभव असा की दहा घरं सरदार सांगतात, त्यातल्या नऊंच्या रुमालात कर्ज निघतं. आणि कर्जाचा कागद जास्त बोलतो, कारण त्यात कुणी कुणाला का पैसे दिले, त्या वर्षी पाऊस होता का, कुणाचा मुलगा पलटणीत गेला हे असतं. काही गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत, इतके गेले इतके मेले अशा. मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या, एप्रिल १९१६ ला शरण जावं लागलं. आसपासच्या एखाद्या गावात अशी पाटी दिसली तर मुलीला आकडा वाचायला लावा आणि तेव्हा गावात घरं किती असतील याचा अंदाज करायला सांगा.

तर तिला उत्तर देताना किल्ल्यापासून सुरुवात करू नका, घरापासून मागे जा. आपण ठाण्याला का, आपलं आडनाव कुठून, कुलदैवत कुठे, जमीन कुणाच्या नावे कधी लागली, घरातल्या पहिल्या शिकलेल्या माणसाला कुणी शिकवलं. पाचपैकी तीन प्रश्नांच्या तळाशी कुठलातरी तह निघतो. उरलेल्या दोनांच्या तळाशी दुष्काळ नाहीतर लग्न.

गणपतीला येणारच असाल तर माळ्यावर रुमाल आहे का बघा आणि असला तर घेऊन या, मी वाचून देईन. फक्त येण्याआधी उत्साहाने कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, उन्हात पसरू नका. घडी उघडत नसेल तर जबरदस्ती करू नका, तशीच सुती फडक्यात गुंडाळा. आणि उदबत्ती तर अजिबात ओवाळू नका, गेल्या वर्षी एकांनी ओवाळली, नेमकं साल जळलं.